खुज्जुत्तरेचे कुबड आणि पूर्वजन्माचा हिशेब

बुद्धवचन जतन करणाऱ्यांच्या परंपरेत खुज्जुत्तरेचे स्थान फार मोठे आहे. कौशाम्बीचा राजा उदेन याची राणी सामावती, तिची ही दासी. मूळ नाव उत्तरा. पाठीला पोक असल्यामुळे त्यामागे 'खुज्जा' हा शब्द लागला, तो कायमचा. अंगुत्तर निकायाच्या एतदग्ग वर्गात भगवंतांनी बहुश्रुत उपासिकांमध्ये तिला अग्रस्थान दिले आहे. श्रद्धावान मातेने आपल्या एकुलत्या एका मुलीपुढे आदर्श म्हणून कोणाला ठेवावे, या प्रश्नाला संयुत्त निकायातील एका सुत्ताने जी दोन नावे दिली आहेत, त्यांतले पहिले तिचे आहे. इतिवुत्तक हा ग्रंथ तिने भगवंतांच्या मुखातून ऐकून अंतःपुरातील स्त्रियांना सांगितला व तिच्याकडून तो भिक्खुसंघापर्यंत पोहोचला, असे आचार्य धम्मपाल आपल्या अट्ठकथेत नमूद करतात. त्रिपिटकातला एक संपूर्ण ग्रंथ एका कुबड्या दासीच्या स्मरणशक्तीवर तरला, ही गोष्ट आपल्या व्याख्यानांतून अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगितली जावी यात शंका नाही.

परंतु धम्मपद-अट्ठकथेत ही कथा जेथे जाऊन संपते, त्या शेवटाची चिकित्सा आपण फारशी केलेली नाही. अट्ठकथेचा रिवाज असा की आधी घडलेली हकीकत, मग भिक्खूंचा प्रश्न आणि त्यावर पूर्वजन्मीचे अतीतवत्थू. सामावती आणि तिच्या पाचशे सख्या आगीत जळून गेल्यावर भिक्खू विचारतात की, खुज्जुत्तरा कुबडी का झाली, दासी का झाली आणि प्रज्ञावती का झाली? उत्तर तीन तुकड्यांत येते. वाराणसीत किंचित पोक असलेले एक पच्चेकबुद्ध होते. एका मुलीने अंगावर कांबळे घेऊन, हातात सोन्याचे भांडे धरून, वाकून चालत त्यांची नक्कल केली, म्हणून कुबड. कस्सप बुद्धांच्या काळी एका श्रेष्ठीकन्येने अर्हत भिक्खुणीला आपली शृंगारपेटी उचलून द्यायला लावली, म्हणून दासीपण. आणि गरम अन्नाच्या पात्राने पच्चेकबुद्धांचे हात भाजू नयेत म्हणून तिने हातातली हस्तिदंती कंकणे काढून दिली, म्हणून प्रज्ञा. देह, दास्य आणि बुद्धी या तिघांचा हिशेब असा एकाच वहीत मांडून चुकता करण्यात आला आहे.

काही वर्षांपूर्वी वर्षावासात पालम तालुक्यातील एका गावच्या विहारात प्रस्तुत लेखकाने ही कथा सांगितली. इतिवुत्तकाची ओळख करून द्यावयाची होती. बोलण्याच्या ओघात अतीतवत्थूही सांगितले गेले, विशेष विचार न करता, पाठ असलेले म्हणून. सभा संपल्यावर एक बाई मागे थांबल्या. नवराबायको मिळून एका कोयत्यावर ऊसतोडीला जाणारे हे कुटुंब. सोबत अकरा-बारा वर्षांची मुलगी, पाठीला पोक. बाईंनी विचारले, "सर, मग माझ्या लेकीनं मागल्या जन्मी कुणाला वाकुल्या दाखवल्या?" प्रश्नात उपरोध नव्हता, त्यांना उत्तर हवे होते. पुढे बोलण्यातून कळले ते असे. मुलगी आठ वर्षांची असताना फडावर तिला सारखा ताप येई, पाठ दुखे. टोळी या गावाहून त्या गावाला हलत होती, उचल फिटायची होती, दवाखान्याला जायचे तर दिवस बुडणार होता. दिवाळीनंतर गेलेले कुटुंब परतले तेव्हा ऊन तापू लागले होते. मग तपासणीत कण्याचा क्षय निघाला. औषधांनी क्षय बरा झाला. वाकलेला कणा तसाच राहिला.

त्या दिवशी बाईंना समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढील विवेचन हे त्या उत्तराचाच प्रयत्न आहे.

अट्ठकथेच्या या युक्तिवादाची जात आपल्या ओळखीची आहे. ज्याच्या वाट्याला हीन जन्म आला त्याने तो पूर्वी कमावलेला आहे, हेच उत्तर अस्पृश्याला शतकानुशतके देण्यात आले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वकर्माच्या या सिद्धांतावर नेमके बोट ठेवले. दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकून टाकावी, यापलीकडे या सिद्धांताचा कोणता उपयोग संभवतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. जातीच्या बाबतीत आपण तो सिद्धांत १९५६ सालीच नागपूरला सोडून आलो. अपंगत्वाच्या बाबतीत मात्र तो आपल्या घरांत शिल्लक आहे. जन्मतः अंध असलेल्या मुलाविषयी "मागलं भोगतंय बिचारं" असे म्हणणारी माणसे बौद्ध वस्तीतही भेटतात, आणि तसे म्हणताना आपण बावीस प्रतिज्ञांशी विसंगत काही बोलत आहोत याची जाणीवही त्यांना नसते. एकच तर्क, एका ठिकाणी त्याज्य आणि दुसऱ्या ठिकाणी ग्राह्य, असे करता येणार नाही.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. हा दोष केवळ अट्ठकथेच्या माथी मारता येतो काय? येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मज्झिम निकायातील चूळकम्मविभंग सुत्तात अल्पायुष्य, रोगटपणा, कुरूपता, दारिद्र्य व नीच कुळ यांची कारणे पूर्वकर्मात सांगितली आहेत. उदानातील सुप्पबुद्ध कुष्ठीची कथा तर याचे बोलके उदाहरण आहे. राजगृहातला हा दरिद्री, महारोगाने झडलेला माणूस गर्दी पाहून येतो, तो येथे काही खायला मिळेल या आशेने. भगवान बुद्ध त्या सबंध सभेवर दृष्टी फिरवतात, आणि धम्म समजून घेण्यास योग्य म्हणून त्यालाच निवडतात. दानापासून सुरू होणारी अनुक्रमाची देशना त्याच्यासाठी होते, तो तेथेच स्रोतापन्न होतो. पुढे वासरू असलेल्या गायीने मारल्यामुळे त्याचा मृत्यू होतो आणि मग भिक्खूंचा तोच प्रश्न येतो, तेच उत्तर येते: पूर्वजन्मी पच्चेकबुद्धाला कुष्ठी म्हणून हिणवले होते. एकाच सुत्तात दोन स्वर आहेत. पहिल्यात भुकेल्या कुष्ठ्याला सभेत प्रथम स्थान मिळते. दुसऱ्यात त्याच्या व्रणांचा हिशेब लागतो. जे विवेकाला व माणसाच्या कल्याणाला धरून नाही ते बुद्धवचन मानू नये, ही बाबासाहेबांनी दिलेली कसोटी आहे. ती लावली असता यांतला कोणता स्वर ठेवावयाचा हे सांगण्यास पालीच्या पदवीची आवश्यकता नाही.

या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा उतारा मात्र वेगळाच आहे. कोसलराज पसेनदीला भगवंत चार प्रकारची माणसे सांगतात: अंधारातून अंधाराकडे जाणारा, अंधारातून प्रकाशाकडे जाणारा, प्रकाशातून अंधाराकडे जाणारा आणि प्रकाशातून प्रकाशाकडे जाणारा. अंधारातला माणूस कोण, याचे वर्णन बारकाईने वाचावे. तो चांडाळ, निषाद, वेण, रथकार किंवा पुक्कुस कुळात जन्मलेला आहे. दरिद्री आहे, अन्नवस्त्र कष्टाने मिळवणारा आहे. तो काणा, थोटा, लंगडा किंवा पक्षाघाताने लुळा आहे. आणि त्याला अन्न, पाणी, वस्त्र, वाहन, बिछाना, निवारा व दिवा मिळत नाही. जात, दारिद्र्य आणि अपंगत्व ही तीन वेगळी दुःखे म्हणून येथे मोजलेली नाहीत. ती एकाच माणसाच्या अंगावर एकाच वेळी आहेत. शेवटी वाहन आणि दिवा हेही येते. ज्याचा पाय अधू आहे त्याच्यासाठी वाहन न मिळणे ही किरकोळ बाब नव्हे, हे सुत्तकाराला ठाऊक होते. या सुत्तात त्या पहिल्या अंधाराचे कारण सांगितलेले नाही. तो कसा आला याचा पंचनामा न करता, माणूस तेथून प्रकाशाकडे जाऊ शकतो, एवढेच सांगितले आहे. हीच शब्दावली बालपंडित सुत्तात मूर्खाच्या कर्मफळाचे वर्णन म्हणून आली आहे, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. एकच साचा दोन कामांना वापरलेला दिसतो. पसेनदीला सांगितलेल्या सुत्तात तो साचा आरोप करीत नाही, आणि म्हणून तो आपला आहे.

अडीच हजार वर्षांनंतर हीच बाब नव्या नावाने सांगितली जात आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विदुषी किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये वंश आणि लिंग यांवर आधारलेल्या अन्यायांच्या छेदबिंदूवर उभ्या असलेल्या स्त्रीला कायदा पाहू शकत नाही, अशी मांडणी केली. पुढे २००५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील कृष्णवर्णीय व अन्य गौरेतर अपंग कलावंतांनी 'अपंगत्व-न्याय' हा शब्द पुढे आणला. गोऱ्यांच्या नेतृत्वाखालील अपंग हक्कांच्या चळवळीत गरीब काळ्या माणसाचा देह कोठेच नाही, ही त्यांची तक्रार होती. आपल्याकडची स्थिती निराळी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अपंगांचे प्रमाण अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती वगळता इतरांमध्ये २.१८ टक्के होते. फरक लहान दिसतो. पण पूर्वजन्मीची पापे जातवार वाटलेली नसतील, तर त्याची कारणे याच जन्मात शोधावी लागतील.

सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी पाटण जमाल वली खटल्यात दिलेला निकाल या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. आंध्र प्रदेशातील जन्मांध, अनुसूचित जातीतील एका तरुणीवर २०११ मध्ये बलात्कार झाला. न्यायालयाने आरोपीची जन्मठेप कायम केली. जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र येऊन अन्याय कसा घडतो यावर विस्ताराने लिहिले. आणि त्याच निकालात अॅट्रॉसिटी कायद्याखालील शिक्षा रद्द केली, कारण गुन्हा पीडिता त्या जातीची आहे 'या कारणाने' घडला हे जुन्या कलमानुसार सिद्ध झाले नव्हते. २०१६ पासून कलमाचे शब्द बदलले आहेत, परंतु घटना त्याआधीची होती. सिद्धांतात तिन्ही धागे एक, शिक्षेत मात्र एक धागा तुटलेला. आपल्या कार्यकर्त्या वकिलांनी हा निकाल मुळातून वाचावा.

विनयाकडे वळताना मन जड होते. महावग्गाच्या महाखंधकात ज्यांना प्रव्रज्या देऊ नये अशा बत्तीस जणांची यादी आहे. हात तुटलेला, पाय तुटलेला, फटके खाल्लेला, डाग दिलेला यांच्या जोडीला आंधळा, मुका, बहिरा, लंगडा, लुळा, बुटका आणि 'खुज्ज' म्हणजे कुबडा असे सर्व येतात. दास आणि कर्जदार यांना आधीच वेगळ्या नियमांनी वगळले आहे. त्या नियमांच्या मुळाशी मालक, सावकार व राजसत्ता यांच्याशी संघाला करावी लागलेली तडजोड आहे, हे ग्रंथावरूनच दिसते. अंगावर राजदंडाच्या खुणा असलेल्यांना ज्या यादीत वगळले, त्याच यादीत निसर्गाने किंवा रोगाने अधू झालेलेही गेले. पुक्कुस सुनीत आणि नापित उपाली यांना ज्या संघाने सन्मानाने घेतले, त्याने जातीला दार पूर्ण उघडले. देहाला मात्र नाही. बहुश्रुतांत अग्र ठरलेली खुज्जुत्तरा आयुष्यभर उपासिकाच राहिली. तिने प्रव्रज्या मागितली असती तर या यादीतील एक शब्द आणि दासीपणाचा नियम अशा दोन अडसरांशी तिची गाठ पडली असती. यादीत 'वामन' हा शब्द असूनही ठेंगणा लकुंटक भद्दिय मात्र भिक्खू होता, अर्हत होता, मधुर स्वराच्या भिक्खूंत अग्र होता. आणि त्याला पाहून हसणाऱ्या भिक्खूंना भगवंतांनी त्याची थोरवी ऐकवली. अशा व्यक्तीला प्रव्रज्या दिली तर देणाऱ्यास केवळ दुक्कट, म्हणजे सौम्य दोष. नियम इतका सैल असेल तर आजच्या संघाला तो बाजूला ठेवण्यास फार मोठे धाडस लागणार नाही.

आता त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. ते संयुत्त निकायाच्या वेदनासंयुत्तात, मोळियसीवक परिव्राजकाशी झालेल्या संवादात आहे. माणूस जे काही सुखदुःख अनुभवतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपले काय मत? भगवंत आठ कारणे सांगतात: पित्त, कफ, वात, या तिघांचा प्रकोप, ऋतूतील बदल, देहाची विषम निगा, बाहेरून झालेला आघात आणि आठवे कर्मविपाक. सर्व काही पूर्वकर्मामुळे म्हणणारे स्वतः जाणलेल्या गोष्टीलाही सोडून जातात आणि जग ज्याला सत्य मानते त्यालाही, असे ते स्पष्टपणे सांगतात. आठात एक कर्मविपाक शिल्लक राहतो हे खरे. पण आधीची सात कारणे तपासल्यावाचून आठव्यावर उडी मारता येत नाही. पालमच्या त्या मुलीचे कुबड 'विसमपरिहारज' आहे, विषम निगेतून आलेले. तिची निगा आईने विषम केली नाही. उचल, टोळी, कोपीतला मुक्काम आणि दवाखान्यापासूनचे अंतर यांनी केली. हे मागल्या जन्मीचे कर्म नव्हे, याच जन्मातली आणि दुसऱ्यांची करणी आहे.

आठांतील सातवे कारण 'ओपक्कमिक', म्हणजे दुसऱ्याने केलेला आघात. मराठवाड्याच्या आंबेडकरी माणसाला याचे भाष्य नको. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत जे मार खाऊन जिवंत राहिले, त्यांच्या अधू देहांची नोंद आपल्या चळवळीच्या इतिहासात क्वचितच आढळते, हुतात्म्यांची होते. अॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांत कायमच्या अपंगत्वासाठी नुकसानभरपाईचा स्वतंत्र तक्ता आहे. जातीय हिंसेने माणसे अपंग होतात हे कायद्याने मान्य केले आहे.

परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकाजवळील बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, पोलीस वस्त्यांमध्ये शिरले, अटका झाल्या. अटक झालेल्यांपैकी वडार समाजातील कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. या प्रकरणात देहाविषयी दोन विधाने झाली. विटंबना करणारा मनोरुग्ण आहे, हे पहिले. सोमनाथ यांना श्वसनाचा विकार होता, हे दुसरे. ते विधानसभेत शासनाकडून सांगण्यात आले. प्राथमिक शवविच्छेदन अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे कारण नोंदवलेले होते. पुढे जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याविरुद्धची शासनाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळली. सीवक सुत्ताच्या भाषेत बोलायचे तर सातव्या कारणाच्या जागी पित्त-कफ-वात पुढे करण्यात आले. मृताच्या देहातच मृत्यूचे कारण शोधणे आणि कुबड्या दासीच्या पूर्वजन्मात कुबडाचे कारण शोधणे, या दोन्हींत मारणारा हात दिसेनासा होतो.

पहिल्या विधानाबाबत आपलेही थोडे चुकले, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. 'मनोरुग्ण' या शब्दाने चौकशी संपू नये ही मागणी योग्यच होती. मनोविकार असलेल्या माणसालाही कोणी चिथावू शकते आणि त्याचा तपास व्हायला हवा. परंतु त्या दिवसांत आपल्या भाषणांतून वेड्यांची जी टिंगल झाली, ती अनावश्यक होती. मनोविकार हा २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांपैकी एक आहे, आणि तो सोसणारी माणसे भीमनगरांतही आहेत.

नावाविषयी थोडेसे. डिसेंबर २०१५ पासून 'दिव्यांग' हा शब्द राजमान्य झाला. महाराष्ट्रात २०२२ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र विभागाचे नावही तेच आहे. विभाग झाला हे चांगलेच झाले. पण हा शब्द वाचताना 'हरिजन' आठवल्यावाचून राहत नाही. ज्याला रस्ता, शाळा आणि रोजगार द्यायचा नाही त्याला देवाचे नाव द्यावे, ही युक्ती आपण एकदा ओळखून नाकारली आहे. ज्यांच्या अंगाला तो शब्द लावला जातो त्यांनी तो स्वीकारला तर आपण हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु बौद्ध नियतकालिकाने स्वतःहून देहात दिव्यत्व शोधू नये. बाबासाहेब दीक्षाभूमीवर हातात काठी आणि नानकचंद रत्तू यांच्या खांद्याचा आधार घेऊन उभे होते. त्या दुखऱ्या पायांत कोणी दिव्यत्व पाहिले नाही.

गेल्या वर्षावासात त्याच गावातून पुन्हा बोलावणे आले. विहाराच्या जोत्याला सात पायऱ्या आहेत. या वेळी मंडळींनी वाचन खाली अंगणात ठेवले होते, कोणी सुचवले ते विचारले नाही. खुज्जुत्तरेची कथा पुन्हा सांगितली, अतीतवत्थू वगळून नव्हे, ते अट्ठकथाकारांचे आहे असे सांगून आणि वर लिहिलेल्या कारणांसह. फुलांसाठी मिळणाऱ्या आठ कहापणांपैकी चार ती रोज स्वतःजवळ ठेवी, माळी सुमनाच्या घरी धम्म ऐकल्यावर आठांचीही फुले आणू लागली, तेथवर सगळे ऐकत होते. राणीने धम्म सांग म्हटल्यावर दासीने आधी सुगंधी पाण्याची आंघोळ, दोन वस्त्रे आणि बसायला उंच आसन मागितले, हा भाग आल्यावर बाया हसल्या. ती मुलगी आता नववीत आहे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी परभणीला जाण्याची तारीख तिची दोनदा चुकली, दोन्ही वेळा घरचे फडावर होते. तिने एकच विचारले, ते आसन खरेच दिले का. दिले, असे सांगितले. आणि राणी व पाचशे जणी खाली बसल्या.